दुपारी दीडचा ढग

आधी मला फक्त एवढंच खटकलं की दादा सलग तीन दुपारी माझ्या दीडच्या सुट्टीत फोन उचलेना. कंपनीनं त्याला मशीन बसवायला वाळूजहून सुमात्रा बेटावर पाठवलं होतं. रात्री "मजेत आहे" असा मेसेज यायचा, पण मजेतला माणूस फोन उचलत नाही का? चौथ्या दिवशी शाळेत त्याच सुट्टीत मी मोबाइलवर उपग्रहाचं चित्र उघडलं. समुद्र मोकळा आणि बेटावर तेवढा पांढरा ढीग! वर हिंदी महासागरावरून ढगांचा भलामोठा पट्टाही तिकडंच निघालेला.

"आपा, वादळ आहे का हो?" मी रडकुंडीला आले.

भूगोलाच्या नसीमआपा हसल्या. "अगं पगली, उन्हानं जमीन समुद्राआधी तापते, हवा वर चढते, म्हणून रोज दुपारी बेटावर ढग. ते आसपासची ओल अशी ओढतात की मोठा पट्टाही तिथं येऊन लई वेळा विस्कटतो."

"मग फोन का उचलत नाय?"

"तिथं आता वाजले किती?"

"तीन."

"भर पावसात लावतेस व्हय! पाचला लाव."

साडेतीनला, म्हणजे त्याच्या पाचला, फोन लावला. पहिल्याच रिंगला दादा ओरडला, "अगं बये, रोज नेमकी विजा कडाडताना फोन करतेस! तेव्हा मुकादम आमचे फोन कपाटात कोंडतो अन् आम्हाला चहाला बसवतो!"