चार्जिंग केंद्राची फीत

समजा बाळांनो, तुम्ही यास्मीन आहात. दुपारी सोलापुरात तुमची धावण्याची शर्यत आहे आणि तिकडे नेणारी विजेवरची रिक्षा नव्या सरकारी चार्जिंग केंद्रासमोरच मान टाकते. रिक्षावाले बिरप्पा पहारेकऱ्याला विनवतात.

“मामा, चार्जिंग करू द्या की.”

“उद्घाटन व्हायचंय.”

“करंट हाय नव्हं?”

“लई हाय. पर फीत कापल्याबिगर आत कसं जाणार?”

“फीत कापणारं साहेब कुटं हायत?”

“सकाळीच निघालेत. डिझेलच्या रांगेत हायत.”

“तवर ह्या पोरीनं रिक्षा ढकलत न्यायची व्हय?”

“ढकलंना का! फितीला कुणी हात लावायचा न्हाय, एवढंच मला सांगितलंय.”

“एवढंच?” तुम्ही विचारता.

“एवढंच.”

तुम्ही फितीखालून वाकून आत जाता आणि चार्जरची वायर ओढत बाहेर येता.