न विचारता दिलेली माफी

गोकुळा : बैल सोडा, बुवा. माझं ऐकल्याबिगर तुमची गाडी आरमोरीले जानार नाई.

बुवा : गोकुळाबाई, तू होय? अगं, तुझ्याच दाराशी थांबून, तुला हात जोडून पुढं जाणार होतो. काल कीर्तनात तू जे केलंस ते भल्याभल्या तपस्व्यांना साधत नाही.

गोकुळा : तेच पुसायले आली मी. काल मी काय केलं?

बुवा : हे काय विचारणं झालं? ज्यानं तुझा धनी मारला त्या इस्तारीला तू क्षमा केलीस.

गोकुळा : कोनाजवळ बोलली मी हे?

बुवा : बोललीस असं नाही. मी क्षमेवर बोलत होतो, तुझ्याकडं पाहिलं, तर डोळ्यांना धार लागलेली. मला त्यातच तुझं उत्तर मिळालं.

गोकुळा : मालक गेल्यापासून माझे डोळे वाह्यतच असतात. चूल फुकतानी वाह्यतात, मासे घासतानी वाह्यतात. तवा मी कोनाले माफ करत असते का? तुमी टाळ थांबवले अन् साऱ्या गावाले सांगतलं, ह्या माउलीनं माफ केलं, आता तुमी बी फाशी नको म्हनून अर्जीवर अंगठे द्या. लोकायनं विठ्ठलाचा गजर केला. त्या गजरात मी कुठून बोलू? मंग कीर्तन संपल्यावर सारे एकमेकाच्या पाया पडून राह्यले, त्यात इस्तारीची माय आली. सुगंधाबाई. माझ्या पायावर डोकं ठेवून उठेचना. मले पाय ओढता आले नाई, बुवा. म्हातारीच्या डोक्याखालून कसे ओढू?

बुवा : रंगात आलो होतो, माउली. कीर्तन चढलं की जिभेवर आपली सत्ता राहत नाही.

मुखरू : रंगात मानूस वन्समोर देते, बुवा. दुसऱ्याच्या भावाचा खून सोडून देत नाई.

बुवा : या, मुखरूभाऊ.

मुखरू : यावंच लागते. लटारू माझा लहान भाऊ होता, ही त्याची बाई, अन् घर माझं. गोकुळा, भासऱ्यासमोर तोंड वर करून बोलून राह्यली तू?

गोकुळा : डोईवर पदर हाय, भाऊ. तोंड आज झाकता येत नाई.

मुखरू : बरं झालं, हिनंच तुमाले पकडलं. चांद्याच्या कोर्टानं फाशी सांगतली, नागपूरच्या कोर्टानं कायम केली. दोन्ही कोर्टं खोटी अन् तुमच्या चिपळ्या खऱ्या?

बुवा : कोर्ट खरं आहे. इस्तारीनं डोंगा वल्हवायचा बांबू डोक्यात घातला आणि लटारू तलावातच गेला, तेही खरं. जाळ्यावरून भांडण, घडीभराचा राग. पण फाशीला घडीभराचा राग नसतो, भाऊ. ती थंड डोक्यानं, तारीख नेमून, दोराला तूप लावून देतात. ज्याला मुंगीत प्राण घालता येत नाही, त्यानं माणसाचा काढू नये.

मुखरू : मागं पोंभुर्ण्याकडं वाघ मानसं खाऊन राह्यला होता. जंगलखात्यानं शिकारी आनला. तिथी काऊन नाई गेले तुमी अर्जी घेऊन?

बुवा : वाघाला पश्चात्ताप होत नाही.

मुखरू : इस्तारीले झाला, हे कोनं पाह्यलं?

बुवा : मी पाहिलं. त्याच्या आईला घेऊन मीच नागपूरच्या तुरुंगात गेलो होतो.

गोकुळा : काल सांगतलं तुमी. गजावर डोकं आपटून रडला, लटारूभाऊ लटारूभाऊ म्हने. खरंच म्हनला?

बुवा : आख्यानात थोडं...

गोकुळा : म्हनला का नाई, बुवा?

बुवा : नाही. त्यानं आईला विचारलं, तलाव भरला का, आणि डोंग्याला डांबर लावलं का.

मुखरू : अन् माझ्या भावाचं?

बुवा : काही बोलला नाही. पण चेहऱ्यावर दिसत होतं.

मुखरू : हिच्या डोळ्यात माफी दिसली, त्याच्या तोंडावर पस्तावा दिसला. न बोललेलंच बरं ऐकू येते तुमाले. नारळ न् शेला घेतला, गावाले रडवलं, आता चालले.

बुवा : नारळ परत घ्या, शेलाही घ्या. मला एक जीव वाचवायचा होता, मुखरूभाऊ. नुसतं खरं सांगितलं असतं तर एकानंही अंगठा पुढं केला नसता.

मुखरू : तुमच्या पोराचं डोकं कोनी फोडलं असतं, तर हेच गायलं असतं?

बुवा : माहीत नाही. पांडुरंगाची शपथ, माहीत नाही. वीणा आपटून फोडलीही असती.

मुखरू : हे काऊन नाई सांगतलं काल?

गोकुळा : मी एक पुसते. काल वाटमाऱ्याची कथा लावली तुमी. किती वाटसरू मारले त्यानं, मंग साधू भेटला, नाम घेतलं, देव खाली आला. मी बी रडली. पन जे वाटसरू मेले त्यायच्या बाया कुठी गेल्या? त्या कथेत आल्याच नाई. कोनी त्यायच्या घरी जाऊन पुसलं का, देवानं याले जवळ केलं तर चालते का तुमाले?

बुवा : माझ्या गुरूंनीही ती कथा अशीच सांगितली. तीस वर्षं गातोय. हा प्रश्न मला कोणी केला नाही.

मुखरू : आता कसं बोलली. चल पारावर, साऱ्यासमोर सांग, मले फाशीच पायजे.

गोकुळा : ते तरी मी कवा म्हनलं?

मुखरू : म्हंजे? चांद्याले साक्ष कोनं दिली?

गोकुळा : कोर्टानं पुसलं, कोनं मारलं. मी सांगतलं, इस्तारीनं मारलं. तुले काय पायजे, हे नाई पुसलं कोनी. तिथून आल्यावर तुमीच गावभर सांगतलं, गोकुळाले त्याचा जीव पायजे, त्याबिगर ती पोटभर जेवनार नाई. मी घरात भात रांधत होती, भाऊ. बुवानं माझ्या तोंडची माफी सांगतली, तुमी माझ्या तोंडची फाशी सांगतली. माझं तोंड माझ्याचजवळ होतं.

मुखरू : मंग आता सांग, काय पायजे तुले?

गोकुळा : सुगंधाबाईची न् माझी भिंत एकच हाय. मालकाले तलावातून काढून आनलं तवा मी कशी वरडली, ते तिनं त्या बाजूनं ऐकलं. ते वरडनं मले ह्या बाजूनं ऐकाचं नाई.

मुखरू : म्हंजे केलं माफ.

गोकुळा : नाई केलं. तो उद्या सुटून आला तरी त्याच्या हातचं पानी पिनार नाई मी. त्याच्या डोंग्याच्या सावलीत बसनार नाई. हे मरेपर्यंत राहील. पन माझं नाव सांगून कोनाच्या गळ्यात दोर घालू नका.

मुखरू : माफी नाई अन् फाशी बी नाई. असं कुठी असते का? लटारू वरून पाहून राह्यला असन. असं बोलाचं असन तर माझ्या घरात कशाले राह्यते?

गोकुळा : नका ठेवू. जाळं मले बी फेकता येते.

बुवा : मुखरूभाऊ, एवढं तोडू नका. गोकुळाबाई, माझं ऐक. मयताच्या बाईचा शब्द अर्जात सगळ्यांत वजनाचा, असं वकील म्हणाले. काल मी खोटं बोललो, असं पारावर जाऊन सांगितलं, तर लोक अंगठे मागं घेतील आणि तो पोरगा लटकेल. तू नुसती गप्प राहिलीस तर तो वाचतो. तुलाही तेच हवंय ना?

गोकुळा : गप्प राह्यली तर सुगंधाबाई रोज पाया पडाले येईल. मी रोज तिच्या डोक्यावर हात ठेवू, माफ केलं म्हनून? तुमची कथा एका रात्री संपते, बुवा. मले ती जन्मभर सांगाव लागन.

बुवा : आणि खरं सांगून नाही वाचला तर?

गोकुळा : तर भिंतीच्या ह्या बाजूनं ऐकन मी. अर्जी काढा. माझ्या नावानं काय लिवलं हाय?

बुवा : 'मी आरोपीस मनापासून क्षमा केली आहे.'

गोकुळा : खोडा ते. अन् मी सांगते ते लिवा.

बुवा : लिहिलं. ऐक. 'मी गोकुळा, मयत लटारूची विधवा. मी इस्तारीला क्षमा केलेली नाही. तरी त्याला फाशी देऊ नये.' वकील डोक्याला हात लावेल, माउली. दिल्लीवाले विचारतील, क्षमा नाही तर मग कारण काय?

गोकुळा : भिंत सांगा. त्यायले समजली तर समजली. आना शाई.

(गोकुळानं अंगठा टेकवला आणि शाई पुसली नाही. मुखरू गाडीच्या चाकाला पाठ लावून उभा होता; तिचा हात अडवायला तो पुढं झाला नाही.)

मुखरू : माझा अंगठा भेटनार नाई. कोनीबी सांगो.

गोकुळा : मागतलाच नाई, भाऊ. तुमचं तुमच्याजवळ.

मुखरू : अन् पारावर हा बुवा म्हनल का, मी लबाडी केली? पाहू.

बुवा : म्हणेन. तुरुंगातलंही सांगेन, तलाव भरला का विचारलं तेही सांगेन. सुगंधाबाईला मात्र काय सांगू?

गोकुळा : तिले मी सांगते. ते तुमी सांगू नका.

बुवा : आणि मला? मला माफ करशील का, गोकुळाबाई?

गोकुळा : ह्या खेपेले पुसलं तरी तुमी. चला, पारावर लोक जमले.