वाकडं रीडिंग

खिजर व्हय? त्यानं काम सोडलं सायब – गारगोटीला गेला, आईजवळ. चहा घ्या की. पुण्यासनं गाडी मारत आलायसा, आन ते बी एका वाकड्या रीडिंगसाठी? मालक म्हणालं न्हवं फोनवर, ट्रान्सफॉर्मर खराब हुता म्हणून? झालं तर मग. – कुठला? त्यो काय, कोपऱ्यात. न्हाय, भंगारात कशाला घालायचा, एक नंबर हाय की, दुसऱ्यांदा लावला तवा पास झाला – म्हंजे – आता तुमी इंजिनियर, तुमास्नी मी काय सांगायचं.

तुमचं बरं हाय बघा. तिकडं पुण्यात कळ दाबायची, हितं मशीन चार हजार व्होल्ट सोडणार, आकडा तुमच्या स्क्रीनवर. हितं माणूस कशाला? वायरी लावायला. मी आन खिजर. त्याची एक सवय लई पक्की – वायरीला हात लावायच्या आदी मशीनवरचं ते पिवळं बटण दाबायचा. दाबलं की पुण्याचा ताबा सुटला, मशीन आपलं. मलाबी त्यानंच शिकीवलं – 'सयाजीतात्या, आदी बटण, मग हात.' तेच बटण तुमी नव्या प्रोग्रामात बंद करून टाकलं – कोणबी मधीच दाबतंय, टेस्ट अडकत्यात म्हणून. – मेल केलता? केलाच असंल की! मालकाला केला. आमाला कोण वाचून दावणार? बटण हुतं तितंच हाय, दाबलं की खटकन वाजतंयबी.

त्यानं दाबलं सायब. माज्या म्होरं दाबलं, मग हात घातला. आन तिकडं तुमी – न्हाय, तुमाला काय दिसणार, तुमाला आकडाच दिसतोय. ते वाकडं रीडिंग मालाचं न्हवतं ओ. आमचा खिजर हुता त्यो. तुमी फोन केलासा, आठवतंय? 'परत एकदा टेस्ट घ्या' म्हणालासा. मी फोन कानाला धरून उभा, आन त्यो हितं, ह्याच फरशीवर –

गारगोटीलाच हाय त्यो. कब्रस्तानात. मालकानं त्याच्या आईला सांगिटलंय, पोरगं बटण दाबायचं इसरलं. ती माउली, सुलतानबी, मला इचारत्या – खरंच इसरला का रं त्यो? मी आपला चपला घालून भाईर पडतोय. माजीबी पोरं हायत सायब, नोकरी गेली तर काय खाऊ घालू? तुमी सांगा तिला. दाबलं हुतं म्हणून, एवढंच सांगा.

गप. बूट वाजालं – व्हय मालक, हितंच हाय! पावण्यास्नी सांगालतो, खिजर काम सोडून गेला म्हणून. – संपवा सायब चहा, आन निघा.