विहीणबाईंच्या पणजीची बोटं

काय सांगू तुम्हाला, मी दापोलीकडची, समुद्राला लागून आमचं घर, आम्ही कोळी, बाप दुसऱ्याच्या होडीवर आणि आई डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकायला, हे एवढं तोंडातून काढायला मला तीस वर्षं लागली बघा. लग्न होऊन पुण्याला गेले तर सासूबाई म्हणाल्या, मासळीबिसळी कुठं बोलू नकोस, वडिलांचा व्यवसाय आहे म्हणून सांग. मी सांगितलं, पुण्यात सांगितलं, इकडं अमेरिकेत पार्सिपनीला आल्यावर मराठी मंडळात सांगितलं, पोटच्या पोरीला, सायलीलापण तेच सांगितलं.

इथं शाळेच्या कॅफेटेरियात मी पोरांना जेवण वाढते, तिथं कुणी विचारत नाय आई काय करायची, ते बरं वाटायचं. पण आईचं काय? सायलीचं लग्न ठरलं, आई फोनवर म्हणाली, नातीचं लग्न बघायला येऊ का गो? मी म्हटलं, व्हिसा नाय मिळत आये. अर्जच केला नव्हता मी. जावई अमेरिकन, त्याची आई शिकलेली, आणि माझी आई मोठ्यानं बोलणार, कुठंपण मांडी घालून बसणार. खरं सांगते, लाज वाटली मला तिची.

आता ह्या विहीणबाई, लिंडा नाव, त्या कायम म्हणायच्या, आमचं घराणं इंग्लंडातलं, समुद्राकाठी मोठं घर होतं. गेल्या उन्हाळ्यात निघाल्या घराण्याचं मूळ शोधायला, सायलीला आणि मलापण ओढून नेलं. इंग्लंडातल्या त्यांच्या त्या गावात उतरलो तर बंदराचा वास आला, माझ्या ओळखीचा, आणि मी काय केलं असेल, नाकाला रुमाल लावला.

तिथं छोटंसं म्युझियम होतं, तिथल्या म्हाताऱ्या काकांनी जुनी वही काढली, पणजीचं नाव सापडलं, मग फोटो काढला. कुठलं घर न् कुठलं काय. बायांची रांग, बाह्या वर केलेल्या, पुढ्यात मासळीची पिंपं, आणि मधली ती विहीणबाईंची पणजी, दहाही बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. विहीणबाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, हिच्या हाताला काय झालं? काका चष्मा शोधत होते आणि माझ्या तोंडून निघून गेलं, झालं काय नाय, सुरी लागू नये म्हणून बांधतात, कापल्या जागी मीठ गेलं की जीव जातो.

विहीणबाई म्हणाल्या, तुम्हाला कसं माहीत?

म्हटलं, माझी आई बांधायची, मासळी कापून खारवायला बसली की, जुन्या लुगड्याच्या चिंध्या, गाठी मी मारून द्यायची, आपल्याच हाताला आपल्याला गाठ मारता येत नाय. मग थांबलेच नाय मी, व्हिसाचंपण सांगून टाकलं. सायली म्हणाली, मॉम, यू लाइड टू मी? आजी वॉन्टेड टू कम? आणि बाहेर निघून गेली, संध्याकाळपर्यंत बोलली नाय माझ्याशी. विहीणबाई मात्र बाकावर शेजारी बसल्या, म्हणाल्या, मोठं घर होतं असं मला कुणी सांगितलं नव्हतं, मीच म्हणत आले. मग दोघी हसलो, डोळे पुसत हसलो. छातीवरचा धोंडा उतरला हो.

तिथूनच आईला फोन लावला. आये, तुझा अर्ज मी केलाच नव्हता. म्हणाली, ठाऊक हाय मला. मग बोलली का नायस? तर म्हणते, तुझं तिकडं धड चाललं होतं, मी कशाला मधी येऊ?

आता महिना झाला, आई इथं आलीय. सायली तिला सोडत नाय. विहीणबाई शनिवारी मासळी घेऊन येतात आणि आई ती मराठीतच ताजी नाय म्हणून सांगते. परवा मंडळात नेलं तिला, सगळ्यांना सांगितलं, ही माझी आई, मासळी विकून हिनं आम्हाला वाढवलं. परत येताना गाडीत म्हणाली, एवढ्या लोकांना सांगायची काय गरज होती गो? म्हटलं, मला होती. ती म्हणाली, सांगून झालं ना? म्हटलं, झालं. बरं, मग रडू नको आता, रस्त्याकडं बघ.