दोनदा दिवा

...आणि वर मलाच विचारतात, "इंजिन बंद करायची काय गरज होती?" अहो, गरज? तुम्हाला सांगतो, आम्हा जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांची रीत आहे, समोरून अंत्ययात्रा आली की गाडी कडेला, इंजिन बंद, खाली उतरून गप्प उभं राहायचं. रीत म्हणजे रीत! आता अकराला प्रदर्शनात परीक्षक येणार, आठ वर्षं खपून स्वतःच्या हातानं उभी केलेली गाडी पहिल्यांदाच स्पर्धेत, पावणेअकरा वाजलेले... आणि आमची ही आतून, "अहो, बंद केलीत तर परत चालू व्हायची नाही हं!" मला माहीत नाही? बॅटरीत जेमतेम एका स्टार्टरपुरती धुगधुगी! तरी केली बंद.

शववाहिका पुढं गेली, आणि तिच्यामागं कोण? माझीच गाडी! म्हणजे हुबेहूब तीच, तोच हिरवा रंग... गेलेल्या माणसाची! चालवत होता त्याचा मुलगा, डोळे लाल, आणि मला बघून त्यानं दिवे लावले. दोनदा! आता आमच्यात आपल्यासारखीच गाडी भेटली की दोनदा दिवा, आणि समोरच्यानं उत्तर द्यायचंच. देऊ की नको? दिलं तर बॅटरी संपली, स्पर्धा संपली. नाही दिलं तर... अहो, तो नमस्कार काय त्या मुलाचा होता? बापाचा होता, शेवटचा! दिले मी दोनदा. दुसऱ्यांदा नुसती तांबूस वात दिसली, पण दिले! रीत म्हणजे रीत!

मग स्टार्टर मारतो तर... टक्. संपलं.

तेवढ्यात त्या गाडीतून गेलेल्याची बायको उतरली. म्हटलं, आता शिव्या खायच्या! तर डोळे पुसत ती मागच्या गाड्यांतल्या माणसांवर ओरडली, "बघताय काय? ढकला!" आणि काय सांगू, मुलगी, जावई, दीर, पुतणे, सगळे धावले! "काका, सेकंडला टाका! आम्ही म्हणू तेव्हाच क्लच सोडा!" जावई तर न सांगता बरोब्बर मागच्या उजव्या कोपऱ्याला लागला, सासऱ्यानं बारा वर्षं गाडी ढकलायला तिथंच उभं केलं होतं म्हणे. एका दमात चालू! इतकी तयारीची माणसं मी जन्मात पाहिली नाहीत.

बाराला पोहोचलो. परीक्षक केव्हाच गेलेले. पण मान ताठ! रीत म्हणजे रीत! तर ही म्हणते, "अहो, तो गेलेला बिचारा एकटाच पुढं गेला, आणि त्याची झाडून सगळी माणसं तुमच्या गाडीला खांदा देत होती!"

म्हटलं, "अगं, जुनी गाडी बाळगली की खांदा जिवंतपणीच लागतो... आणि रोज लागतो!"