परक्या हातची काडतुसं

(केंटकीतल्या एका नेमबाजी क्लबाचं मैदान. मंगळवारची दुपार, सराव मध्येच थांबलेला. बाकावर रिकामं पिस्तूल, शेजारी झाडलेल्या काडतुसांची बादली. नवरा-बायको बादलीवर वाकलेले.)

लॉवेल : हेही माझं नाही. हेही नाही. जोरेटा, एकोणीस वर्षं तुझी काडतुसं मी आपल्या तळघरात बसून भरतोय. प्रत्येकाच्या बुडावर लाल रेघ ओढतो. या बादलीत एक लाल रेघ दाखव मला.

जोरेटा : तू इथे कसा? मंगळवारी तू न्हाव्याकडे असतोस.

लॉवेल : गर्दी होती.

जोरेटा : तुझ्या न्हाव्याकडे? त्याच्याकडे जाणाऱ्यांपैकी केस कितीजणांना उरलेत?

लॉवेल : विषय बदलू नकोस. कुणाची आहेत ही?

जोरेटा : दुकानातली. स्वस्तातली, पुन्हा भरलेली. वापरलेलं पितळ कारखान्यात धुतात, बुडात ठिणगी पाडणारी नवी टोपी, आत नवी दारू, वर नवी गोळी. चांदमारीला चालतात.

लॉवेल : चार घरची उष्टी! बघ, प्रत्येकाच्या बुडावर शिक्का वेगळा.

जोरेटा : तू तरी काय खाणीतून पितळ काढतोस? तुझीही वापरलेलीच असतात.

लॉवेल : माझी घरची उष्टी आहेत. फरक आहे. दुसऱ्याच्या हातची काडतुसं आपल्या पिस्तुलात घालायची नाहीत, हे तुला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

जोरेटा : शिकवलं होतंस. फक्त लग्नाच्या नवऱ्याची चालतात, असंही म्हणाला होतास.

लॉवेल : मग? नवरा बदलला का?

जोरेटा : काहीही बोलू नकोस.

लॉवेल : काहीही कसं? वसंत सुरू झाल्यापासून माझी लाल रेघेची रिकामी काडतुसं पुन्हा भरायला घरी परत येत नाहीत. विचारलं की म्हणतेस, गवतात हरवतात. गवत तेच, आणि एकोणीस वर्षं कधी हरवली नाहीत. वर नेम सुधारलाय. स्वयंपाकघरात गुणगुणतेस. आणि मंगळवारी मक्याचा ब्रेड दोन तव्यांत भाजतेस, घरात मात्र एकच उरतो.

जोरेटा : दुसरा इथे आणते. सगळे खातात.

लॉवेल : सगळे म्हणजे गार्लंड टीग. निवृत्त पोलीस, बायको जाऊन दोन वर्षं झालेली, सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून मैदानावर हजर. तुला उभं कसं राहायचं ते दाखवतो म्हणे.

जोरेटा : तो सगळ्यांनाच दाखवतो. त्याचं कामच आहे ते.

लॉवेल : तुला जास्त दाखवतो. गेल्या शनिवारी मी त्याची बादली उपसून पाहिली.

जोरेटा : काय केलंस?

लॉवेल : माझं पितळ तू त्याला देतेस की काय, म्हणून बघितलं. तळापर्यंत.

जोरेटा : अरे देवा. सापडलं?

लॉवेल : नाही. त्यानेच मला बघितलं. वर विचारलं, काही हरवलंय का. मी म्हटलं, चष्मा. चष्मा डोळ्यांवर होता.

जोरेटा : लॉवेल, अडुसष्ट वर्षांचा आहेस तू.

लॉवेल : म्हणूनच जळतोय. तिशीत माझ्यात जळण्यासारखं काही नव्हतं, लोकच माझ्यावर जळायचे. आता तो माणूस माझ्यापुढे ताठ उभा राहतो आणि मला त्याच्या पाठीचाही हेवा वाटतो. खरं सांग. ही काडतुसं त्याने आणून दिली?

जोरेटा : दुकान त्याने सांगितलं. आणली मी.

लॉवेल : झालं. माझी पुरत नव्हती का तुला? सांगितलं असतंस तर आणखी पाचशे भरली असती.

जोरेटा : तेच नको होतं.

लॉवेल : काय नको होतं?

गार्लंड : (निशाण्याचे कागद घेऊन येत) नमस्कार, मंडळी. लॉवेल, आलास ते बरं केलंस. चष्मा सापडला का?

लॉवेल : सापडला.

गार्लंड : छान. जोरेटा, दुसरी फेरी पाच मिनिटांत. आणि ती नळी एकदा बघून ठेव. एप्रिलात गोळी अडकलेली तिथे ओरखडा तर राहिला नाही ना? ठोकून काढताना मी सळई जरा जोरात मारली होती.

जोरेटा : गार्लंड.

गार्लंड : अं? अच्छा. म्हणजे याला अजून... मी तिकडे आहे. निशाण्याचे कागद लावायचेत. (जातो.)

लॉवेल : नळीत गोळी अडकली होती?

जोरेटा : हो.

लॉवेल : माझी?

जोरेटा : लाल रेघेची. काडतुसात दारूच नव्हती. नुसती टोपी फुटली, फुस्स झालं आणि गोळी नळीत अर्ध्यावर थांबली. मी पुढची झाडणारच होते, बोट घोड्यावर होतं. गार्लंड ओरडला म्हणून थांबले.

लॉवेल : झाडली असतीस तर नळी फुटली असती. तुझ्या हातात.

जोरेटा : हो.

लॉवेल : एखादं चुकतं. पन्नासांच्या ताटात एखादं रिकामं राहतं. पण मी टॉर्च मारून प्रत्येकात दारू बघतो, जोरेटा.

जोरेटा : बघायचास. आता हात थरथरतो म्हणून टॉर्च बाजूला ठेवलीयस आणि आत न बघता अंदाजाने गोळी बसवतोस. मी जिन्यावरून पाहिलंय. दारू तराजूत कमी आणि टेबलावर जास्त सांडते. खोक्यावरच्या तारखासुद्धा आता वाचता येत नाहीत.

लॉवेल : कॉफी जास्त झाली की होतं ते.

जोरेटा : तू फेब्रुवारीपासून कॉफी पीत नाहीस.

लॉवेल : मग माझी काडतुसं कुठे गेली? एप्रिलपासून हजारभर तरी दिली असतील.

जोरेटा : निकामी काडतुसांचं पिंप आहे ना ऑफिसमागे. त्यात.

लॉवेल : सगळी?

जोरेटा : सगळी. न उघडता. दर मंगळवारी तू खोकं हातात ठेवायचास, मी गालाला गाल लावायची आणि इथे येऊन ते पिंपात टाकायची. वाईट वाटायचं. पण झाडायची हिंमत नव्हती.

लॉवेल : हे गार्लंडला ठाऊक होतं.

जोरेटा : हो. पिंपाची किल्ली त्याच्याकडे असते.

लॉवेल : एप्रिलपासून त्याला ठाऊक, आणि मला नाही. यापेक्षा तू त्याच्याशी गुलुगुलु बोलली असतीस तर बरं झालं असतं. त्याचं मला काहीतरी करता आलं असतं. दोन शब्द सुनावले असते.

जोरेटा : त्याला सांगणं सोपं होतं, लॉवेल. तो माझ्यासाठी तळघरात बसत नाही. त्याला सांगताना माझं काही मोडत नव्हतं.

लॉवेल : आणि ब्रेड?

जोरेटा : ब्रेड त्याने ओरडल्याबद्दल. दहा बोटं शाबूत आहेत माझी. त्यांनीच भाजते.

लॉवेल : ब्रेड देत जा त्याला. एक तवा. लोणी नको.

जोरेटा : बरं.

लॉवेल : ते दुकानातलं खोकं इकडे कर. आणि पिस्तुलाचं मॅगझिन दे. दहा काडतुसं त्यात घालायला तराजू लागत नाही, टॉर्च लागत नाही. एवढं तरी माझ्या हातून होऊ दे.

जोरेटा : घे. सावकाश घाल, फेरीला वेळ आहे.

लॉवेल : सांडतायत.

जोरेटा : सांडू देत. मी तिकडे तोंड करून उभी राहते.