गोरोबाचा खिसा

...असू द्या, ताई, बघा की — पण ते कापडाचं सँपल न्हाय. सगळ्यांनाच तसं वाटतं, टेलरच्या दुकानात कापडाची वही म्हणल्यावर दुसरं काय वाटणार — परवा एकानं तर त्यातलं एक पान पसंत करून मीटरचा भाव विचारला! आता त्याला काय सांगू, ते माझ्या मेहुणीचं लुगडं हाय म्हणून? ही वही आमच्या मंडळीची. शारदाची. ती काय, आत बसलीय. तुमच्याच ब्लाऊजला हुकं लावतीय. घाबरू नका, तिचे हात काय विसरले न्हाईत. विसरतंय ते डोकं.

व्हय, वरीस झालं. सोलापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणल्या, घरच्या माणसांची वही करा, रोज समोर धरा, नावं म्हणून घ्या. आमची दीपाली पुण्याला — तिनं लगेच मोबाइलवर व्हिडिओ धाडला. कुणीतरी बाई कागदाचे खिसे करतीय, डिंकानं चिकटवतीय, वर लेस, मणी, अन् खिशात पुठ्ठ्याचा टॅग, रेडिमेडच्या शर्टाला लटकतो न्हवं, तसा. डिंकानं! म्हणलं दीपे, चाळीस वर्षं मशीन मारली, आता तुझा बाप डिंक लावीत बसंल व्हय? तर हे सगळं शिवलेलं हाय. पानाच्या आत कॉलरीत घालत्यात ते कडक बकरम, कडंनं गोट, ओढून बघा, टाका हलायचा न्हाय. हा खाकी खिसा रणधीरचा, थोरल्याचा — शाळंतल्या चड्डीचं कापड, हिनंच जपून ठेवलेलं. काढा की टॅग वर. बघा — पोराचा फोटो, शेजारी एसटीच्या पासाचा तुकडा, खाली नाव. हा मथुराबाईचा, मेहुणीचा — हळदकुंकवाच्या पुडीवरची देवी कातरून लावलीय, का, तर दोघी बहिणी तुळजापूरला जोडीनं जायच्या. हा नातीच्या झबल्याचा, आरोहीचा, वर चॉकलेटची चांदी. अन् हा शेवटचा माझा. लग्नाचा एकच फोटो होता, ताई. त्यातनं मी मला गोल कातरून काढलं. खोटं कशाला बोलू, कात्री दोनदा खाली ठिवली. टेलरची कात्री!

तर रोज दुकान उघडलं की पहिलं काम हेच. टॅग ओढायचा, वाचायचं. रणधीर. मथुरा. कधी चुकायची, कधी न्हाय. अन् माझा खिसा आला की टॅग काढायची, बघायची, पदर तोंडाला लावायची — अन् गुपचूप परत आत. डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिव्हलं, नवऱ्याला ओळखत नाहीत. मी भांडलो की! भर दवाखान्यात! म्हणलं, बाई, तुमी लई शिकलेल्या, पण ही नवऱ्याचं नाव घेईल व्हय? अहो, माझं नाव गोरोबा, म्हणून ही तेरला गोरोबाकाकांच्या देवळात गेली तरी देवाला ‘तेरचे काका’ म्हणती — देवाचं नाव घेत न्हाय! मतदानाला साहेबानं नवऱ्याचं नाव विचारलं, तर मागच्या बाईला म्हणली, तुमी सांगा. ही गप बसती म्हणजेच मला वळखती, असं लिव्हा! न्हाय लिव्हलं. हसल्या. शिंप्याला काय कळतंय! लिव्हू द्या, म्हणलं, काय लिव्हायचं ते. मी आपला खुशीत. रोज ती गप बसायची, अन् रोज मला वाटायचं — हाय, आपली जागा हाय अजून.

अन् गेल्या बुधवारी — दीपालीचा फोन चालू, तोंड दिसणारा — हिनं माझा टॅग काढला अन् खणखणीत वाचलं. गोरोबा. असं. पोस्टमननं पाकिटावरचं वाचावं तसं. दीपालीनं टाळ्या पिटल्या — आप्पा, आईनं तुमाला ओळखलं! डॉक्टरीणबाईंना कळवलं, त्या म्हणल्या, छान, सुधारणा आहे. जावई खूष, रणधीर खूष, अन् मी टॅग परत खिशात सारला. काय सांगू लेकीला? जी बाई हे नाव घडाघडा घेती, तिच्यासाठी तो फोटोतला कुणीतरी माणूस हाय — नवरा न्हाय हो. हे कुठल्या कागदावर लिव्हायचं? सांगा की, कुठला रकाना हाय त्याला?

मग? मग काय करणार. खिशाचं तोंड शिवून टाकलं, डबल टिप मारली. तर हिनं बसून टाके उसवले — हात विसरले न्हाईत म्हणलं न्हवं? टॅग माझ्याम्होरं धरला. मास्तर, हे गोरोबा कोण हो? गिऱ्हाइकं म्हणत्यात तसं, मास्तर! म्हणलं, मीच. माझ्याकडं बघितलं, फोटोकडं बघितलं, म्हणली, असं व्हय. बरं. कारखान्यात नव्या माणसाला म्हणावं तसं — बरं! अन् तवापासनं...

रविवारी दीपाली येतीय. म्हणती, आईला नाव घेताना रेकॉर्ड करायचंय, सगळ्यांना दाखवायचंय. दाखव बाई. ताई, तुमी एक करता? उखाणा घ्या म्हणून बघा तिला. बाईम्होरं बाई बोलती. नुसती लाजली तरी पुरं, नाव घ्यायची गरज न्हाय, जरा मान खाली घातली तरी — न्हाय. नको. राहू द्या. न लाजता घेतलं तर मग मी कुठं तोंड घालू?

...काय गं? व्हय, ऐकू आलं. हुकं संपली न्हवं? आलो, आलो.

ऐकलंत? अशी. दिवसातनं धा येळा, गोरोबा, गोरोबा. आख्ख्या येडशी गावाला ऐकू जावं अशी.

ठिवा ती वही खाली. ब्लाऊज मंगळवारी न्या. — अहो मंगळवारी म्हणलं न्हवं! जावा आता.